पदवीनंतरची पाच वर्षे

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात माझगाव येथे केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभा जन्म गेला तो मुलांना पाढे, शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकवण्यात. अशा माणसाने तंत्रविद्यापीठातील विद्यार्थिजीवन आणि शास्त्रीय संशोधन या विषयावर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु ज्या मुलांना आपण मुळाक्षरे गिरवावयास लावली ती पुढे कोठवर चढतात आणि कोणत्या पायरीशी थबकतात, हे पाहण्याचा अधिकार शाळामास्तरास निश्चित असतो. त्या अधिकारानेच आम्ही बोलत आहोत.

मघाशी गुणवंतांची यादी वाचण्यात आली. शालान्त परीक्षा झाली, बारावी झाली, पदविका झाली, पदवी झाली. अभियांत्रिकीच्या पदवीधरांची नावे आली तेव्हा टाळ्यांनी सभागृह दुमदुमले, आणि ते योग्यच झाले. पण यादी तेथे संपली. आपल्या पारितोषिकांच्या नियमांत पदवीनंतरचा रकानाच नाही. पदवी घेऊन जो नोकरीस लागला त्याचे आपण कौतुक करतो. जो प्रयोगशाळेत मागे राहिला, त्याच्या आईला मात्र आपण जिन्यात गाठून विचारतो, 'अजून शिकतोच आहे का तुमचा?' या रिकाम्या रकान्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

माझगावकरांना शास्त्रीय संशोधन ही परकी वस्तू नाही. अर्देसर करसेटजी वाडिया हे जहाजबांधणी करणाऱ्या घराण्यातील गृहस्थ. १८३३ साली त्यांनी येथे, माझगावात, 'इंडस' नावाची लहान आगबोट पाण्यात सोडली. १८३४ साली आपला माझगावचा बंगला आणि बाग वायूच्या दिव्यांनी उजळून दाखवली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. त्यांच्यामागून दुसरा भारतीय त्या सोसायटीत गेला तो १९१८ साली, आणि तो म्हणजे गणिती रामानुजन. मधे सत्त्याहत्तर वर्षे गेली.

एवढा काळ का जावा? अर्देसर यांस विद्या घरात मिळाली. बाप जहाजे बांधी, मुलगा गोदीतच वाढला, आणि प्रयोगासाठी लागणारा पैसा घराण्यापाशी होता. ज्याच्या घरात गोदी नाही आणि तिजोरीही नाही, त्याने प्रयोग कोठे करावा? अशा मुलासाठी विद्यालय लागते, प्रयोगशाळा लागते, शिकवणारा लागतो, आणि तो शिकत असता घरची चूल पेटती ठेवणारा कोणीतरी लागतो. पहिल्या तीन गोष्टी या शहराने हळूहळू उभ्या केल्या. चौथीचा भार आपल्यासारख्यांवर आहे, असे आमचे म्हणणे आहे.

त्या तीन गोष्टी आपल्या किती जवळ उभ्या राहिल्या, हे नव्या पिढीस ठाऊक असावे. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती शेजारच्या भायखळ्यात. गिरण्यांना आणि यंत्रशाळांना जाणते लोक हवे होते, म्हणून ती निघाली. १९२३ साली ती माटुंग्यास गेली, आणि १९९७ पासून तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यात आरंभी विषय दोन होते, एक वस्त्रोद्योगाचे रसायन आणि दुसरा रासायनिक अभियांत्रिकी. कापड विणणे येथल्या कामगारांस येत होते. ते रंगवण्याची विद्या मात्र परदेशी कंपन्यांच्या हाती होती. १९४३ साली हा विभाग माटुंग्याच्या आपल्या वास्तूत गेला. पुढे २००८ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि आज तो इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने ओळखला जातो. पवईच्या आय. आय. टी.चा पहिला वर्गदेखील १९५८ साली भरला तो वरळीस, कृत्रिम रेशमाच्या संशोधनसंस्थेच्या इमारतीत. डॉकयार्ड रोडहून हार्बरच्या गाडीत बसावे, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी मागे टाकून वडाळ्यास उतरावे, की माटुंग्याच्या त्या दोन्ही विद्यामंदिरांचे आवार जवळच आहे. इतक्या जवळ असूनही आपल्यापैकी किती घरांतील माणसे त्या दारातून आत गेली आहेत, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता संशोधन म्हणजे काय, हा प्रश्न येतो. शिकलेल्या माणसांच्याही मनात कसब आणि संशोधन यांची गल्लत असते. ती दूर करण्यास आपल्या गोदीचाच दाखला पुरे. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी माझगाव गोदीतून 'नीलगिरी' ही युद्धनौका पाण्यात उतरली. तिचा आराखडा ब्रिटिशांच्या 'लिअँडर' वर्गाचा होता. दुसऱ्याच्या आराखड्यावरून एवढी नौका बांधणे हे कसबाचे मोठेच काम, आणि आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांचे हात अशा कामांस लागलेले आहेत. त्या वर्गाच्या सहा नौका या गोदीने बांधल्या, आणि पुढच्या नौकांत आपल्या गरजेप्रमाणे फेरफारही केले. मग १९८० साली याच गोदीतून 'गोदावरी' पाण्यात उतरली आणि १९८३ साली नौदलात दाखल झाली. तिचा आराखडा मात्र भारतीय नौदलातील अभिकल्पकांनी केलेला होता. दोन जलावतरणांमध्ये बारा वर्षांचे अंतर आहे. पहिल्या नौकेसाठी आराखडा वाचता येणे पुरेसे होते. दुसरीसाठी प्रत्येक रेघ तशीच का, हे कळावे लागले. हे 'का' शोधण्याच्या कामास संशोधन म्हणतात, आणि त्यास वर्षे द्यावी लागतात.

माटुंग्याच्या प्रयोगशाळेतील एक उदाहरण सांगतो. ते समजण्यास आमचे मॅट्रिकचे ज्ञान पुरते, म्हणून आपणांसही कळेल. अख्ख्या बटाट्यापेक्षा फोडी लवकर शिजतात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. फोडी केल्या की पाण्याचा स्पर्श अधिक पृष्ठभागास होतो. रसायनांच्या कारखान्यातही असेच असते. एखाद्या द्रवातून वायू सोडतात. त्याचे असंख्य बुडबुडे होतात आणि त्यांच्या पृष्ठभागावरच वायू व द्रव यांची गाठ पडते. हा पृष्ठभाग किती चौरस आहे हे कळल्याखेरीज भांडे केवढे करावे हे ठरत नाही. पण घुसळणाऱ्या भांड्यातील बुडबुडे मोजणार कोण? यावर शास्त्रज्ञांनी रासायनिक युक्ती काढली. एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून ठराविक वेळात किती वायू शोषला जातो, हे आधीच माहीत असलेली एखादी अभिक्रिया घ्यावयाची. भांड्यात एकूण किती वायू शोषला गेला ते मोजावयाचे. आणि त्यावरून पृष्ठभाग काढावयाचा. सज्जनहो, हे मुळात आपले त्रैराशिकच आहे! परंतु ती अभिक्रिया कोणती निवडावी, आणि निवडलेली विश्वासपात्र आहे हे कसे सिद्ध करावे, यात विद्वानांची वर्षे गेली आहेत.

या विषयात ज्यांचे नाव जगभर घेतले जाते ते प्रा. मनमोहन शर्मा माटुंग्याचेच. जन्म जोधपूरचा, १९३७ सालचा. उच्च संशोधन केंब्रिजला प्रा. डँकवर्ट्‌स यांच्या हाताखाली. १९६४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते माटुंग्यास प्राध्यापक म्हणून आले आणि तेथेच रमले. १९९० साली रॉयल सोसायटीने त्यांस सभासदत्व दिले. त्यांच्याही आधी, १९३८ ते १९५७ या काळात, प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन हे त्या विभागाचे संचालक होते. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि देशोदेशीच्या रंगतज्ज्ञांनी तो वापरला. जे रंग परदेशांतून येत, त्यांचे शास्त्र परदेशीयांनी माटुंग्यात लिहिलेल्या ग्रंथातून वाचावे, ही लहान गोष्ट नव्हे.

पदवीच्या विद्यार्थ्याचे जीवन आपल्या परिचयाचे आहे. सकाळी व्याख्याने, दुपारी प्रात्यक्षिके, सायंकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर गप्पा, परीक्षा जवळ आली की रात्रीची जागरणे. चार वर्षे कशी जातात कळत नाही, कारण प्रत्येक सहामाहीस एक निकाल हाती पडतो आणि घरच्यांस तो दाखवता येतो. संशोधक विद्यार्थ्याचे तसे नाही. त्याला क्रमिक पुस्तक नाही, प्रश्नपत्रिका नाही. प्रश्न त्यानेच शोधावयाचा. पहिले वर्ष दुसऱ्यांनी काय केले ते वाचण्यात जाते. दुसऱ्या वर्षी उपकरण जुळवावे तर कोठे गळती, कोठे चुकीचे मोजमाप. काल आलेला आकडा आज येत नाही. तो पुन्हा येईपर्यंत प्रयोग करीत राहावे लागते. मग निबंध लिहून नियतकालिकाकडे पाठवावा, परीक्षकांनी शंका काढून तो परत करावा, आणि पुन्हा प्रयोगास बसावे. अशी चार-पाच वर्षे लोटल्यावर प्रबंध होतो. या काळात घरी दाखवण्यासारखे त्याच्यापाशी काहीही नसते. बरोबरीच्या मित्रांनी मात्र तोवर घरे घेतलेली असतात, लग्ने केलेली असतात. या काळात त्याचे मन खचते ते बहुधा अभ्यासाने खचत नाही. भोवतालच्या माणसांच्या नजरांनी खचते.

आता पैशाचे पाहू. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. दोन वर्षांनी काम समाधानकारक ठरले तर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळते, ती ४२,००० रुपयांची. कोणी म्हणेल, मग आपली मदत हवी कशाला? याचे उत्तर असे की ही वृत्ती सर्वांस मिळत नाही. ती कठीण परीक्षेतून मिळवावी लागते. आणि ज्यांस मिळते त्यांच्याही हाती ती दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पडतेच असे नाही. कागद एका कचेरीतून दुसरीत फिरत राहतात आणि कधी कधी काही महिन्यांची रक्कम एकदम येते. श्रीमंताच्या मुलास याचे काही वाटत नाही. ज्याच्या घरी वडील निवृत्त आहेत आणि धाकट्या भावंडांच्या फिया भरावयाच्या आहेत, त्याला मात्र ते महिने काढणे अशक्य होते. तो मुकाट्याने नोकरीचा अर्ज करतो आणि प्रयोग अर्धवट राहतो.

येथे डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे चरित्र आठवावे. जन्म गोव्यातील माशेलचा, १९४३ चा. पितृछत्र बालपणीच हरपले आणि आई अंजनीबाई मुलास घेऊन गिरगावात आल्या. बाराव्या वर्षापर्यंत या मुलाच्या पायात वहाण नव्हती. तो महापालिकेच्या शाळेत शिकला, मग गिरगावच्या युनियन हायस्कूलमध्ये. १९६० साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो राज्यात अकरावा आला. तरीही पुढचे शिक्षण पैशाअभावी थांबण्याची वेळ आली होती. ते चालू राहिले ते सर दोराबजी टाटा न्यासाने दिलेल्या दरमहा साठ रुपयांमुळे. १९६६ साली ते माटुंग्याहून रासायनिक अभियंते झाले आणि १९६९ साली त्यांनी तेथेच पीएच.डी. मिळवली. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले, आणि १९९८ साली रॉयल सोसायटीचे सभासद झाले. जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते. आपल्या आजीबाईंच्या बटव्यातील ते ज्ञान परिषदेने पुराव्यानिशी मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करवले, ते यांच्याच कारकिर्दीत.

या साठ रुपयांविषयी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की ते दरमहा मिळत होते. एकदाच बोलावून शाल, श्रीफळ आणि पाकीट देण्याने सत्कार होतो. वर्ष निघत नाही. दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण वयाच्या आधारे बोलून टाकतो. तो न्यास कोणा एका जातीपुरता नव्हता. देणारा पारशी होता आणि घेणारा गोव्याकडचा मराठी मुलगा होता. आपण आपल्या ज्ञातीच्या नावाने एकत्र आलो, त्यात गैर काही नाही. घरच्या मुलाची काळजी घरच्यांनी आधी घ्यावी हे स्वाभाविक आहे. पण विद्येच्या बाबतीत आपल्या दाराची कडी आतून लावलेली असू नये.

मुलींविषयी बोलल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. ज्या १९३३ साली रसायनतंत्राचा विभाग निघाला, त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.त पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि कामाने त्यांनी सर्वांचे समाधान केले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळवली. कमला सोहोनी या नावाने पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक आणि संचालक झाल्या. नीरेतील पोषक द्रव्यांवर त्यांनी काम केले. त्यांच्या घरात वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते, म्हणून घरचा पाठिंबा होता. आपल्या मुलींच्या बाबतीत दार अडवणारा आता बहुधा संचालक नसतो. 'आधी लग्न, मग काय ते शिक' असे म्हणणारे आपणच असतो. चोविसाव्या वर्षी मुलाने संशोधन करतो म्हटले तर आपण कुरकुरतो, आणि मुलीने म्हटले तर स्थळे पाहू लागतो.

केवळ उपदेश करून खाली बसणे आम्हांस शोभणार नाही. म्हणून तीन सूचना कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी. शिक्षण निधीतून संशोधक विद्यार्थ्यांस बिनव्याजी उसनवार द्यावी. ज्याची अधिछात्रवृत्ती मंजूर झाली पण हाती आली नाही, त्याला निधीने दरमहा ठराविक रक्कम द्यावी आणि थकबाकी मिळताच त्याने ती परत करावी. ज्यास वृत्तीच नाही त्याने नोकरी लागल्यावर हप्त्याने फेडावी. पैसा फिरून निधीतच येईल आणि पुढच्यास उपयोगी पडेल.

दुसरी सूचना जागेची आहे. ज्या घरात एकाच खोलीत सहा माणसे निजतात तेथे रात्री दिवा कोठे लावावा? आपल्या संस्थेचे हे सभागृह रात्री आठनंतर कुलूपबंद असते. ते अभ्यासिका म्हणून उघडावे. खुर्च्या आहेत, पंखे आहेत. एक जबाबदार माणूस हवा, आणि त्या कामास आम्हांसारखे निवृत्त मास्तर विनावेतन तयार आहेत. तेथे येणाऱ्या मुलास आडनाव विचारू नये. शेजारच्या चाळीतला कोणीही येवो, त्याने शांतपणे वाचावे, एवढीच अट असावी.

तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. दरवर्षी याच समारंभात एका संशोधक विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने आपले काम अर्धा तास मराठीत समजावून सांगावे. त्यास सोपे करून सांगण्याची सवय होईल, आणि आपणांस त्याच्या कामाची किंमत कळेल. ज्याचे काम आपण समजून घेतले त्याच्या आईला जिन्यात गाठून आपण तो जुना प्रश्न विचारणार नाही.

यावर आक्षेप येईल की निधी गरीब मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी आहे, तो मोठ्या मुलांवर का खर्चावा? आक्षेप रास्त आहे. वह्यापुस्तकांतील एक पैसाही कमी करू नये असेच आमचे मत आहे. हारतुरे, करंडक आणि मांडव यांवर काय खर्च होतो ते खजिनदारांनी पाहावे, आणि पहिल्या वर्षाची उसनवार त्यातूनच काढावी. दुसरा आक्षेप असा की पाचांपैकी एखादाच नाव काढील. तेही खरे आहे. सगळेच माशेलकर होत नाहीत. पुष्कळांचे प्रबंध ग्रंथालयात राहतात. पण कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाड्यासारख्या खेड्यातून माटुंग्यास आलेले गणपती यादव हे पुढे २००९ ते २०१९ त्याच विद्यापीठाचे कुलगुरू होतील, हे ते प्रथम वर्षात असता कोणास सांगता आले असते? शेतकरी पेरतो तेव्हा कोणते बी उगवेल हे पाहून पेरीत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांस नोकरीच करावयाची आहे त्यांनी ती आनंदाने करावी. घर चालवणे हेही पुरुषार्थाचे काम आहे. परंतु ज्याच्या मनात एखादा 'का' घर करून बसला आहे, त्याने भोवतालच्या घाईला भिऊन तो टाकून देऊ नये. आणि पालकहो, त्या मुलाचे तोंड उतरलेले दिसले तर पगाराचा प्रश्न न विचारता एवढेच विचारा, 'आज प्रयोग कसा झाला?' उत्तर कळले नाही तरी चालेल.

मंडळाने या सूचनांचा येत्या सर्वसाधारण सभेत विचार करावा, आणि पुढील वर्षी गुणवंतांची यादी वाचली जाईल तेव्हा तीत आणखी एक रकाना असावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.